काचेवरचं पाणी आणि बेडशाची भिंत

बेडशाच्या लेण्यांकडे सकाळी जावं. शेजारची कार्ले आणि भाजे ही लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, बेडशाचं तोंड पूर्वेला. चारशेच्या आसपास पायऱ्या चढून कातळातल्या अरुंद वाटेने आत शिरलं, की साधारण २५ फूट उंचीचे खांब एकदम समोर उभे राहतात. त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांवर स्वार झालेली जोडपी आहेत. मागे चैत्यगृहाचं दार आणि दाराच्या वर पिंपळपानाच्या आकाराचं मोठं गवाक्ष. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या कारागिरांनी अखंड कातळात ही खिडकी कोरली. तिला काच नाही. सकाळचा उजेड तिच्यातून आत उतरतो आणि स्तूपापर्यंत पोचतो.

काचा धुण्याचं द्रावण कसं निवडावं, हे सांगणारं प्रकरण या बिनकाचेच्या खिडकीपाशी सुरू करण्याला कारण आहे. साफसफाईच्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा धडा मावळात याच डोंगरात शिकायला मिळतो.

पाहुण्यांसाठी केलेली सफेदी

एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी बेडशाची लेणी पाहायला वरचेवर येत. साहेबांना जागा नीटनेटकी दिसावी म्हणून स्थानिक अंमलदारांनी लेण्यांची देखभाल करवली आणि भिंतींना रंगही काढवला. हेतू चांगलाच होता. पण आतल्या पृष्ठभागावर जुना गिलावा होता आणि त्यावर चित्रांचे अवशेष टिकून होते. ते या रंगरंगोटीत गेले. आज बेडशात गेलेल्या माणसाला कोरीवकाम दिसतं, खांब दिसतात, नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुसणक याने दिलेल्या दानाचा शिलालेखही वाचता येतो. चित्रं मात्र दिसत नाहीत.

असंच काहीसं अजिंठ्यालाही घडलं, पण उलट्या वाटेने. १९२०–२२ च्या सुमारास निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना चित्रांच्या जतनासाठी बोलावलं. सुटत चाललेला रंग धरून राहावा म्हणून चित्रांवर लाखेचं रोगण चढवलं गेलं. पुढे ते रोगण पिवळं पडत गेलं, काळपटलं, आणि ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची कित्येक वर्षं गेली. तिथे अडाणीपणा नव्हता, निष्काळजीपणाही नव्हता. एक पदार्थ चुकीचा निवडला गेला, एवढंच.

बेडशात काय ठेवायचं याचा विचार झाला नाही. अजिंठ्यात, लावलेलं पुन्हा उतरवता येईल का, हा प्रश्न सुटून गेला. लोणावळ्यातल्या बंगल्याची काच धुतानाही हेच दोन प्रश्न पहिले विचारायचे असतात. बादली भरायची ती त्यानंतर.

काच काय सोसते, काय सोसत नाही

खिडकीची साधी काच वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवून बनते. तिच्यात ७० टक्क्यांहून थोडी जास्त सिलिका असते, बाकीचा बहुतेक भाग सोडियम आणि कॅल्शियमच्या ऑक्साइडचा. ती कठीण असते, गुळगुळीत असते आणि घरातलं बहुतेक कोणतंही आम्ल पचवते. म्हणूनच प्रयोगशाळेत आम्लं काचेच्या बाटलीत ठेवतात.

पण तिचे तीन वैरी आहेत. पहिला हायड्रोफ्लुओरिक आम्ल आणि त्याच जातीचे फ्लुओराइड क्षार. ते सिलिकाच विरघळवतात. दुसरा तीव्र अल्कली. ताज्या सिमेंटचं पाणी याच वर्गातलं असतं. त्याचा सामू १२ ते १३ च्या घरात असतो. काचेवर उडालेला सिमेंटचा शिंतोडा ओला असतानाच पाण्याने धुतला नाही, तर नंतर तो निघाला तरी त्याच्या जागी काच भाजल्यासारखी दिसते.

तिसरा वैरी आपल्याला वैरी वाटतच नाही, तो म्हणजे साचलेलं पाणी. काचेवर पाणी बराच काळ टिकून राहिलं, की काचेतलं सोडियम हळूहळू त्यात उतरतं. तेवढंसं पाणी अल्कलीयुक्त होतं आणि मग सिलिकाला खाऊ लागतं. पावसाळ्यात गोदामात एकमेकींना चिकटून ठेवलेल्या नव्या काचांवर दुधाळ किंवा इंद्रधनुषी झाक दिसते, ती याचीच. लोणावळा परिसरात वर्षाला ४००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जिथे महिनोन्‌महिने हवा ओली असते आणि बंगले आठवड्यातले पाच दिवस बंद राहतात, तिथे हा धोका कागदावरचा नाही.

शिवाय खिडकी म्हणजे नुसती काच नव्हे. भोवती ॲल्युमिनियमची चौकट असते, रबरी पट्टी असते, सिलिकॉनचा सांधा असतो, खाली कडाप्पा किंवा संगमरवराची पट्टी असते. काचेवर ऊन परतवणारा धातूचा लेप असू शकतो, आतून चिकटवलेली फिल्म असू शकते. काच जे सहज सोसते, ते यांपैकी एखाद्याला सोसत नाही. द्रावण निवडायचं ते या सगळ्यांत जो सर्वांत नाजूक आहे, त्याच्या बेताने.

आधी मळ ओळखायचा

ही विद्या मराठी स्वयंपाकघराला नवी नाही. तांब्याच्या हंड्याला चिंच लावतात, कारण चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवतं. तेलकट भांड्याला राख लावायचे, कारण राखेतल्या अल्कलीमुळे तेलाचा चिकटपणा सुटतो. पैठणीला यातलं काहीच चालत नाही. तिला रिठ्याचा हलका फेस लागतो. आजीने रसायनशास्त्र वाचलेलं नसेल, पण पैठणीला तिने कधी राख लावली नाही. मळ कशाचा आणि तो बसलाय कशावर, या दोन गोष्टी पाहूनच तिचा हात डब्याकडे जायचा.

मावळातल्या काचेवर साधारण पाच जातींचा मळ येतो. मेअखेरपर्यंत कोरडी धूळ. द्रुतगती मार्गाच्या आसपास डिझेलची काजळी, ती तेलकट असते आणि नुसत्या पाण्याने फरफटते. पावसाळ्यात चौकटीच्या कोपऱ्यांतून चढणारं हिरवं शेवाळ आणि काळी बुरशी. बागेच्या फवाऱ्याचं किंवा टाकीतून गळणारं पाणी वाळून पडलेले क्षारांचे पांढरे डाग. आणि जिथे बांधकाम चालू असेल तिथे सिमेंट, रंग, सिलिकॉनचे थेंब.

ओळखण्याची साधी रीत आहे. डागावर पाणी लावायचं. ओलं असताना डाग दिसेनासा झाला आणि वाळल्यावर परत आला, तर तो क्षारांचा थर आहे किंवा काच खाल्ली गेली आहे. मग त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाकून दोन मिनिटं थांबायचं. डाग विरघळला तर तो चुन्याचा होता. ढिम्म हलला नाही, तर तो सिलिकाचा थर आहे किंवा काचच बिघडली आहे, आणि तिथे आम्लाची बाटली कितीही रिकामी केली तरी उपयोग नाही. दुहेरी काचेच्या मधोमध धुकं दिसत असेल तर ते कुठल्याच द्रावणाने जाणार नाही. सांधा निकामी झालाय, हे मालकाला स्पष्ट सांगावं आणि पुसण्याचे पैसे घेऊ नयेत.

सगळ्यात मोठं द्रावण: पाणी

बादलीत जे असतं त्यातला ९९ टक्क्यांहून जास्त भाग पाण्याचा. तरी धंद्यात नवा आलेला माणूस बाटल्यांवरची नावं वाचत बसतो आणि नळाकडे पाहत नाही.

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरं पाणी उपलब्धच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पिण्यासाठी हे ठीक आहे. पण काचेचा हिशोब वेगळा. ५०० टीडीएसचं एक पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाणी काचेवर वाळलं, तर पाणी उडून जातं आणि मागे १०० मिलिग्रॅम क्षार राहतात. तेच ते पांढरे ओघळ. काच स्वच्छ धुतली, सोडून दिली, आणि दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला, यामागचं कारण बहुतेक वेळा साबणात नसतं, विहिरीत असतं.

यातून सुटण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली, पाणी काचेवर वाळूच द्यायचं नाही. रबराच्या वायपरने ते एका ओढीत उतरवायचं. पितळी चौकट आणि एकच रबरी पट्टी असलेलं हलकं हत्यार एत्तोरे स्टेकोने या इटालियन माणसाने कॅलिफोर्नियात घडवलं आणि १९३६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आजचे वायपर त्याच धर्तीचे आहेत. फडकं मळ पसरवतं. वायपर मळासकट पाणी खाली नेतो, काचेवर वाळायला काही उरतच नाही.

दुसरी वाट, पाण्यातच क्षार ठेवायचे नाहीत. उंच इमारतींवर लांब दांड्याच्या ब्रशमधून शुद्ध केलेलं पाणी सोडतात, त्याचा टीडीएस जवळजवळ शून्य असतो. असं पाणी काचेवर तसंच वाळू दिलं तरी डाग पडत नाही, म्हणून वायपर मारण्याची गरज राहत नाही. टीडीएस मोजायचं पेनाएवढं यंत्र फार महाग नसतं. काचा पुसणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत ते असावं. आणि घरच्या शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी काचेला कधी वापरू नये. गाळलेल्या पाण्यातले क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

मावळाला एक देणगी आहे. पहिले एक-दोन जोरदार पाऊस छप्पर धुऊन गेले, की त्यानंतरचं पागोळीचं पाणी जवळजवळ बिनक्षाराचं असतं. स्वच्छ झाकणबंद पिंपात ते साठवलं, फडक्यातून गाळलं, की काचेसाठी उत्तम. फुकटात आकाशातून पडणारं पाणी वाहू द्यायचं आणि बोअरच्या पाण्याच्या डागांवर बाटल्या विकत आणायच्या, हे मावळात तरी घडू नये.

थेंबांचा हिशोब

पाणी एकटं काचेवर नीट पसरत नाही. त्याचा पृष्ठताण जास्त, म्हणजे मीटरला ७२ मिलिन्यूटनच्या आसपास. त्यामुळे ते थेंब धरून बसतं आणि तेलकट काजळीला स्पर्शही करत नाही. भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे थोडे थेंब टाकले, की हा ताण निम्म्याहून खाली येतो. पाणी पातळ थराने पसरतं, तेलाला सुटं करतं आणि वायपरच्या रबराला घसरण मिळते.

हे काम किती थेंबांत होतं? १० लिटरच्या बादलीला एक चहाचा चमचा पुरतो, बऱ्याचदा त्याहूनही कमी. बादलीवर फेसाचा डोंगर दिसला म्हणजे साबण जास्त झाला. जास्तीचा साबण काचेवर पातळ चिकट थर धरतो, त्यावर नवी धूळ पटकन बसते आणि काच आधीपेक्षा लवकर मळते. कपडे धुण्याची पावडर तर नकोच; तिच्यातले सोडा आणि भरणीचे क्षार मागे राहतात. अंगाचा वडीचा साबणही नको. कठीण पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याचा संयोग होऊन न विरघळणारी साय तयार होते, आणि तीच काचेवर बसते.

बाजारात मिळणारी निळी फवारणीची द्रावणं बहुधा अल्कोहोल, थोडा साबण, रंग आणि कधी अमोनिया यांची बनलेली असतात. बोटांचे ठसे, आरसा, एखादं दार यांना ती सोयीची, कारण अल्कोहोल झटकन उडून जातं. दोनशे खिडक्यांच्या हॉटेलला मात्र ती ना परवडतात, ना लागतात. फिल्म लावलेल्या काचेवर आणि ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या पत्र्यावर अमोनिया लावू नये. फिल्म ढगाळ होते, प्लॅस्टिकला बारीक भेगा पडतात. मुंबईच्या राजाबाई टॉवरसारख्या वास्तूंमधली रंगीत, चित्रित काच ही तर आणखी वेगळी गोष्ट. तिच्यावरचा रंग हेच तिचं मोल, म्हणून तिथे फवारा आणि फडकं घेऊन जायचंच नाही; ते काम जतनतज्ज्ञाचं.

आम्ल हाती घेण्याआधी

क्षारांचे डाग आम्लानेच निघतात. व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के ॲसिटिक आम्ल असतं. चुन्याच्या थराशी त्याचा संयोग झाला की बारीक बुडबुडे येतात, चुना पाण्यात विरघळणारा होतो आणि धुऊन जातो. सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व, हेही तेच काम करतं आणि त्याला तसा वास नसतो. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे घेऊन सुरुवात करावी. ओलं फडकं डागावर दहा मिनिटं चिकटवून ठेवावं, मग भरपूर पाण्याने धुवावं. खालची पट्टी संगमरवराची असेल तर तिच्यावर आधी प्लॅस्टिक पसरावं. संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड, डागाबरोबर तोही विरघळतो.

संडास-बाथरूमसाठी मिळणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड खिडकीजवळ आणू नये. ते काचेला काही करत नाही, म्हणून माणूस फसतो. पण ते ॲल्युमिनियमची चौकट खातं, फरशी खातं आणि त्याची वाफ पुसणाऱ्याच्या छातीत जाते. त्याहून भयंकर म्हणजे ‘कसलाही डाग चुटकीसरशी’ म्हणून लेबल नसलेल्या कॅनमधून विकली जाणारी द्रावणं. त्यांत फ्लुओराइड असू शकतं. हायड्रोफ्लुओरिक आम्ल त्वचेवर पडलं तर कधी कधी सुरुवातीला दुखतही नाही. ते आत झिरपतं, शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि जीवावर बेततं. आत काय आहे ते ज्या कॅनवर लिहिलेलं नाही, त्या कॅनचं झाकण उघडायचं नाही, हा नियम मुकादमाने पहिल्याच दिवशी पोरांना शिकवावा.

दुसरा नियमही तितकाच पक्का असावा. शेवाळासाठी ब्लीच वापरलं, तर त्याच बादलीत आम्ल किंवा अमोनिया कधीही जाता कामा नये. आम्लाबरोबर क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाबरोबर क्लोरामाइन. दोन्ही विषारी. बंद बाथरूमच्या खिडकीपाशी काम करणाऱ्या माणसाला मागे सरायलाही जागा नसते. शेवाळ बहुतेक वेळा ब्रश आणि साबणाच्या पाण्यानेच निघतं. ब्लीचची पाळी क्वचितच येते.

ब्लेडचंही तसंच. रंगाचे थेंब ओल्या काचेवर नव्या ब्लेडने निघतात. पण टफन केलेल्या काचेवर भट्टीतले बारीक कण चिकटलेले असू शकतात. ब्लेड तेच कण ओढत नेतो आणि पूर्ण काचेवर रेघा पाडतो. ती काच मग बदलावीच लागते.

वाहून गेलेलं पाणी

काचेवरून उतरलेलं पाणी कुठे जातं, हाही द्रावणाच्या निवडीचाच भाग आहे. पवन मावळातल्या उतारांवरचं पाणी पवना नदीला मिळतं आणि त्याच नदीच्या पाण्यावर पिंपरी-चिंचवडच्या लाखो घरांचे नळ चालतात. इंद्रायणीच्या खोऱ्यातलं पाणी देहू-आळंदीकडे जातं. डोंगरावरच्या रिसॉर्टची काच चमकवताना गटारात ओतलेली बादली खाली कोणाच्या तरी घाटावर पोचते. चमचाभर साबण आणि लिंबूसत्त्व यांनी काम होत असेल, तर त्याहून जहाल काही वापरण्याचा हक्क आपल्याला नाही.

हातभर कोपरा

म्हणून या धंद्यातल्या जाणत्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, नाहीतर तीच धूळ पाण्यात मिसळून काचेवर काचकागदासारखी घासते. मग मऊ पाणी. मग थेंबभर साबण. तेलकटपणा उरला तर अल्कोहोल. पांढरे डाग उरले तर सौम्य आम्ल. तरीही सिलिकाचा थर राहिला, तर सीरियम ऑक्साइडची पूड ओली करून हळूहळू घासायची. प्रत्येक पायरीवर थांबून पाहायचं, आणि काम झालं असेल तर पुढच्या पायरीवर जायचं नाही. हे सगळं सकाळी किंवा सावलीच्या बाजूने करायचं, कारण तापलेल्या काचेवर कुठलंही द्रावण वायपर फिरण्याआधी वाळून जातं.

आणि सगळ्यांत आधी, नवं द्रावण हातभर कोपऱ्यावर लावून वाट पाहायची. दिसणार नाही असा, चौकटीजवळचा, खालचा कोपरा. लावायचं, धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि उन्हात तिरकं पाहायचं. अर्धा तास जातो. मालक घाई करतो, पोरं कंटाळतात, तरी हा अर्धा तास सोडायचा नाही.

बेडशाच्या चैत्यगृहात उभं राहिलं की हा अर्धा तास आठवतो. त्या दिवशी रंगाची बादली घेऊन आलेल्या कोणी आधी एका खांबाचा हातभर तुकडा ओल्या फडक्याने हलकेच पुसून पाहिला असता, तर धुळीखालून कदाचित एखादी रेघ, एखादा रंग दिसला असता. कोणीतरी म्हणालं असतं, थांबा, इथे काहीतरी आहे. सकाळचा उजेड आजही त्या गवाक्षातून तसाच आत येतो आणि उघड्या दगडावर पडतो.